खांदेकऱ्यांची मंडळी

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा पालघरच्या मिशन कंपाउंडात सगळ्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. मार्थाबाईनं माझा खांदा चाचपला. बाजारात बैल बघतात तसं अंगठ्यानं हाडावरचं मांस दाबून बघितलं आणि माझ्या आईला म्हणाली, "पोरगं शिकलं ते बरं झालं. पण खांदा कच्चा हाय अजून. पाणी भरायला लाव त्याला."

मला राग आला. माझा बाप मिशनच्या बैलगाडीवर होता, आजा दुसऱ्याच्या शेतावर. आमच्या घरात अंगठा सोडून सही करणारा पहिला माणूस मी, आणि पदवी घेणाराही मीच. हे मी तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो, आणि सांगताना मान खाली घालत नाही. अशा माणसाला पाणी भरायला लावा म्हणणारी बाई मला विचित्र वाटली. पण तिची ती खोडच होती. कंपाउंडात नवा शिक्षक येवो, दवाखान्यात नवा कंपाउंडर येवो, नाहीतर कुणाचा जावई पाहुणा येवो, मार्थाबाई आधी सलाम घालायची आणि लगेच तिची नजर त्याच्या खांद्यावर जायची.

ती आमच्या मिशनची बायबलबाई होती. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बायबलबाई म्हणजे पाळक नव्हे, शिक्षिका नव्हे, नर्सही नव्हे. गावोगाव चालत जायचं, बायकांत बसायचं, शास्त्रातली गोष्ट सांगायची, पोरांची खरूज धुवायची, आणि कुणाला येशूच्या मागं यावंसं वाटलं तर ते पाळकांच्या कानावर घालायचं. बाप्तिस्मा देणार पाळक. बायबलबाईनं माणसाला नुसतं नदीपर्यंत आणायचं.

मार्थाबाई मूळची नगरकडची. नवऱ्याबरोबर इकडं आली ती इकडचीच झाली, बोलणंसुद्धा. ठेंगणी, हाडं रुंद, नऊवारी लुगडं पोटऱ्यांच्या वर खोचलेलं, पाय अनवाणी. सकाळी मिश्री लावल्याशिवाय तिची प्रार्थना सुरू व्हायची नाही. एका मडमबाईनं एकदा त्यावरून टोकलं तर म्हणाली, "बाई, देवानं तोंड बघितलं आसंल तर दातबी बघितले आसतील." देवाशी ती भांडल्यासारखी बोलायची. "बाबा, काल सांगितलं ते ऐकलं नाय तू," अशी तिची प्रार्थना सुरू व्हायची. आणि कुणाच्याही घरी जेवायला बसली की घास मोडायच्या आधी विचारायची, "शेजारी चूल पेटली का?" पेटली नसेल तर ताट उचलून तिकडं जायची. म्हणून तिला जेवायला बोलवायला लोक जरा घाबरत.

तिचा मुक्काम करंजपाड्यावर. बोईसरच्या पूर्वेला, सूर्या नदीचं पात्र ओलांडून डोंगराच्या कुशीत गेलेला तो वारल्यांचा पाडा. नाचणी, वरी, थोडा भात. दिवाळी झाली की अर्धा पाडा वसईकडं गवत कापायला निघून जायचा, तो होळीला परतायचा. त्या पाड्यावर मार्थाबाईनं एवढ्या वर्षांत मिळवलेली ख्रिस्ती घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच होती. सगळी मिळून तिच्या झोपडीच्या ओसरीत मावत, आणि पाऊस तिरका आला तर आत सरकूनही मावत.

समुद्रकाठच्या नवापूरची हिरूबाई सुकी मासळी घेऊन त्या बाजूच्या पाड्यांवर फिरायची. दोघींची वाट एक, वय एक, तोंडही सारखंच चालायचं.

"मार्थाबाय, मी पाटीभर बोंबील घेऊन निघतंय ती रिकामी पाटी घेऊन येतंय," हिरूबाई म्हणायची. "तू पिशवी भरून नेते न् भरलेलीच आणते. तुजा माल खपत नाय काय?"

"माझा माल चाखायलाच माणसाला वर्स लागतं."

"मंग नासत नाय?"

"नासला आसता तर एवढी वर्सं पाठीवर वागवला आसता काय?"

माल खपत नव्हता, कारण तो मार्थाबाई खपू देत नव्हती. कुणी वारली तिच्याकडं येऊन म्हणाला, बाय, मला पाणी घ्यायचंय, म्हणजे बाप्तिस्मा, की ती म्हणायची, "तुझे चार आण."

चार म्हणजे चार खांदे. तू मेलास तर तुला उचलणारी चार माणसं माझ्या ओसरीत आण, त्यांनी माझ्यासमोर सांगावं की आम्ही येऊ. मगच तुझं नाव मी पाळकांना देईन. त्या चारांनी ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नव्हतं. "खांदा द्यायला बाप्तिस्मा लागत नाय," ती म्हणायची. पण एक अट होती. चारातला एक तुझ्याशी भांडलेला पाहिजे. जो तुझ्या अंगणात येत नाही, त्याचा खांदा आण.

काकड्या नावाचा एक लंगडा, हसरा माणूस तिच्यामागं तीन पावसाळे लागला होता. तीन खांदे त्यानं कधीच आणले होते. चौथा अडला होता. त्याचं त्याच्या चुलतभावाशी, बारक्याशी, बांधावरच्या एका ताडाच्या झाडावरून वाकडं होतं. ताडी कुणी काढायची यावरून दोघांचे बाप भांडले, मग हे भांडले. एकदा कोयते निघाले होते. काकड्याचा पाय त्यातच गेला.

"बाय, दुसरा कुणीबी सांग," काकड्या गयावया करायचा. "त्यो नको."

"त्योच पायजे."

"येशूला चालंल की. तूच आडवी येते."

"येशूला इचारलं मी. त्यो म्हनला, बारक्याला घेऊन ये."

तिसऱ्या पावसाळ्यानंतर काकड्या बारक्याच्या अंगणात गेला आणि म्हणाला, झाड तुझं. बारक्या उठला. मग घरात जाऊन मडकं घेऊन आला, आणि दोघं तिथंच ताडी प्यायला बसले. संध्याकाळी दोघं हेलपाटत मार्थाबाईच्या ओसरीत आले, चौथा खांदा आला म्हणून सांगायला. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांना ही हकीकत कळली तेव्हा ते म्हणाले, ताडी पिऊन समेट झाला तो ख्रिस्ती समेट धरायचा का? मार्थाबाई म्हणाली, "कोयते घरात ठेवून प्यायले साहेब. तेवढं धरा."

असं एकेक माणूस. आणि प्रत्येक वेळी ती आणखी एक गोष्ट करायची. पाड्याचा पुढारी रूपजी, त्याच्या अंगणात जाऊन बसायची. सांगायची, अमका माझ्याकडं येतोय, तू जाणतोस ना? रूपजी मोठा अबोल माणूस. कधी हो म्हणायचा नाही, पण नाहीही म्हणाला नाही. त्यामुळं मार्थाबाईची माणसं ख्रिस्ती झाली तरी पाड्याच्या मरणाला जात, आणि पाडा त्यांच्या मरणाला येई.

ही खांद्यांची गोष्ट तिनं कुठून काढली, हे तिनं मला कधी सांगितलं नाही. हिरूबाईनं सांगितलं, बोईसरच्या बाजारात, मासळीवरच्या माश्या हाकलत. मार्थाबाईचा नवरा मिशनचा उपदेशक होता. नव्या उमेदीनं त्यानं करंजपाड्यावर काही घरांना घाईनं बाप्तिस्मा दिला. पाडा बिथरला, बाप्तिस्मा घेतलेले घाबरून परत गेले. त्याच श्रावणात नवरा तापानं गेला. पुराचं पाणी, मिशनचं कुणी येऊ शकेना. पाड्यातलं कुणी शिवेना. "दिवसभर मढं घरात," हिरूबाई म्हणाली. "माजी आय त्या वाटेनं चालली व्हती. तिनं न् या बायनं घोंगडीत घालून ओढत नेलं. ओढत, भाऊ. पाय चिखलात घासत व्हते त्याचे." मग ती एका गिऱ्हाइकाशी भावावरून घासाघीस करायला लागली आणि तो विषय तिथंच संपला.

ती कबर पाड्याच्या कडेला कातळाजवळ आहे. मार्थाबाईनं आपली झोपडी तिथून दिसेल अशी बांधली होती.

साठ-बासष्टनंतर आमच्याकडं सगळंच बदलायला लागलं. घिवलीकडं किनाऱ्यावर विजेचा मोठा कारखाना उभा राहणार, अणूवर चालणारा, असं ठरलं. बोईसर स्टेशनात केरळचे, मद्रासकडचे, उत्तरेचे लोक उतरायला लागले. चहाच्या टपऱ्यांवर हिंदी ऐकू यायला लागली. बाहेरून आलेल्यांत ख्रिस्तीही पुष्कळ होते. बोईसरला आमची मंडळी आधी एका भाड्याच्या खोलीत भरायची; बघता बघता ती खोली पुरेना. मिशननं अमोलिक पाळकसाहेबांना तिथं पाठवलं, आणि मी पालघरच्या हायस्कुलात शिक्षक असून रविवारी तिथं जात होतो म्हणून मला मंडळीचा चिटणीस केलं. इंग्रजी पत्रव्यवहार येणारा दुसरा कुणी नव्हता.

अमोलिकांविषयी वाईट बोलायचं नाही मला. उंच, गोरा, खणखणीत आवाजाचा माणूस. पहाटे उठून आजाऱ्यांना भेटायला जायचे, उन्हात सायकल मारत घिवलीपर्यंत मजुरांच्या झोपड्यांत प्रार्थना घ्यायचे. त्यांना मोठी मंडळी हवी होती आणि त्यांच्याकडं कारणं होती. मोठी मंडळी असली तर हॉल होईल, शाळा होईल, दवाखाना होईल. लहान मंडळी एका म्हातारीच्या पायावर उभी असते. म्हातारी गेली की मंडळी गेली. हे त्यांनी मार्थाबाईच्या तोंडावर म्हटलं होतं, कमिटीच्या बैठकीत, आणि ते खोटंही नव्हतं.

"बाई, तुमची एवढी वर्षं," ते म्हणाले, "आणि करंजपाड्यावर घरं किती? मी वर काय सांगू? शेत एवढं मोठं आहे आणि तुम्ही एका वाफ्यात पाणी घालत बसलात."

"वाफ्यात पानी घालावंच लागतं साहेब. नायतर जळतंय."

"तिथले पुष्कळ लोक तयार आहेत. मला भेटले ते, बोईसरला कामाला येतात तेव्हा. तुम्हीच अडवताय."

"त्यांचे चार झाले नायत अजून."

बैठकीत कुणीतरी हसलं. अमोलिक हसले नाहीत. म्हणाले, "बाई, हे शास्त्रात कुठं आहे?"

मार्थाबाई म्हणाली, "नसंल. पन माझ्या घरात हाय."

ठराव झाला. करंजपाड्याची मंडळी बोईसरला जोडायची, बाईंनी बोईसरला राहून बायकांची सभा चालवायची, आणि होळीनंतर पाड्यावरच्या इच्छुकांना एकत्र बाप्तिस्मा द्यायचा. बैठक उठल्यावर ती माझ्याजवळ आली. एवढंच म्हणाली, "त्या जान्याला घेऊ नका म्हनावं एवढ्यात. त्याचा एकबी खांदा नाय. भावाशी बोलत नाय, सासऱ्याशी बोलत नाय. आधी पाड्यात त्याला कुणीतरी पायजे." मी हे अमोलिकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला आता अख्खी बोईसरची मंडळी आहे."

बाप्तिस्म्याचा दिवस मला आठवतो. सूर्येचं पाणी होळीनंतर गुडघाभर उरतं, एका डोहात कमरेएवढं होतं. अमोलिक पांढऱ्या शर्टानं त्यात सकाळपासून उभे होते. एकामागून एक माणसं उतरत होती, बाया लुगड्यासकट बुडून वर येत होत्या, काठावर बोईसरचे लोक हार्मोनियम घेऊन गात होते. दृश्य चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पाड्यातल्या लोकांपैकी पुष्कळांना वाटत होतं की आता कारखान्याच्या कामावर मुकादम आधी यांना घेईल, कारण मंडळीतले दोन पंच ठेकेदाराकडं होते. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि तसं नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. जान्या आणि त्याची बायको जमनी दोघंही पाण्यात उतरली. मार्थाबाई काठावर ओले कपडे पिळून देत होती. पलीकडच्या दरडीवर रूपजी उभा होता. तो शेवटपर्यंत थांबला, मग वळून पाड्याकडं गेला. या खेपेला त्याच्या अंगणात जाऊन कुणी बसलं नव्हतं.

त्यानं त्या दिवसापासून दार लावलं. जे गेले त्यांच्या मरणाला पाडा जाणार नाही, लग्नाला वाजवणार नाही. मार्थाबाईच्या जुन्या माणसांनाही त्यातून सोडलं नाही. बाई स्वतः भेटायला गेली तर रूपजीनं तिच्याकडं पाठ केली आणि दोर वळत बसला.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मार्थाबाईची जुनी माणसं, बारक्या वगैरे, वसईकडं गवतावर गेली होती. लंगडा काकड्या तेवढा मागं राहिलेला. जान्या कारखान्यासाठी दगड फोडायच्या एका खाणीत होता. एका शनिवारी सकाळी दरड सुटली आणि तो खाली सापडला. ठेकेदाराच्या ट्रकनं प्रेत नदीपर्यंत आणून सोडलं. काकड्यानं आणि जमनीनं तिथून घरी नेलं, कसं ते त्यांनाच ठाऊक.

आणि मग जमनी वाट बघत बसली. हे नीट समजून घेतलं पाहिजे. पाड्यात मरणाला कुणाला बोलवत नाहीत. रडणं ऐकू आलं की ज्यानं त्यानं आपल्या घरून मूठभर तांदूळ आणि एक लाकूड घेऊन निघायचं. बोलावणं करणं म्हणजे माणसाचा अपमान. हा काय परका आहे, याला सांगावं लागतं? जमनीनं मानलं की बोईसरची मंडळी आता आपला पाडा. एवढी माणसं, एवढी गाणी; त्यांना कळेलच, येतीलच. आणि बोईसरच्या मंडळीचा नियम असा की मयत असेल तर चिटणिसाला कळवावं, मग पाळक वेळ ठरवतील. जमनीनं कळवलं नाही. आम्ही आलो नाही. शनिवार गेला.

रविवारी सकाळी नव्या हॉलच्या उद्घाटनाची उपासना होती. मुंबईहून पाहुणे आले होते. पताका लावल्या होत्या, मांडव बाहेरपर्यंत होता, तरी माणसं भिंतीला टेकून उभी होती. मार्थाबाई मागं बायकांच्या पोरांना गप्प करत बसली होती. उपासना अर्धी झाली असेल. हिरूबाई दारात आली, डोक्यावर पाटी तशीच. तिनं मार्थाबाईला हाक मारली नाही, नुसती बघत राहिली. बाई उठून गेली. दोघी दारात दोन वाक्यं बोलल्या. मी दाराजवळच बसलो होतो, मला ऐकू आलं.

"जान्याचं मढं कालधरनं घरात हाय, मार्थाबाय. कुणी नाय तिथं. नुसती ती बाय न् पोरं."

मार्थाबाई मधल्या वाटेनं सरळ पुढं गेली. अनवाणी पायांचा आवाज येत नव्हता, तरी लोक वळून बघत होते. अमोलिकांना तिनं खालच्या आवाजात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, खरंच उतरला. त्यांनी मंडळीला उभं केलं आणि जान्यासाठी प्रार्थना केली. चांगली प्रार्थना होती. बायकांनी डोळे पुसले. आमेन झाल्यावर ते म्हणाले, "उपासनेनंतर मंडळीतले काही भाऊ तिकडं जातील."

मार्थाबाई तिथंच उभी होती. ती मंडळीकडं वळली आणि म्हणाली, "मला आत्ता चार पायजेत."

कुणी उठलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी पुष्कळ विचार केलाय याचा. वाईट माणसं नव्हती ती. प्रत्येकानं दुसऱ्याकडं बघितलं. एवढ्या माणसांत आपल्यापेक्षा जवळचा, आपल्यापेक्षा तरुण, आपल्यापेक्षा मोकळा कुणीतरी असणारच, असं प्रत्येकाला वाटलं, आणि त्या वाटण्यात चूक काही नव्हती. हॉल भरलेला होता म्हणूनच कुणी उठलं नाही. चारच माणसं असती तर चारही उठली असती.

ती एकेका खांद्याकडं बघत मधल्या वाटेनं परत आली. दाराशी मी होतो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी उठलो. यात मोठेपणा काही नाही, जागाच तशी मिळाली होती. बाहेर मांडवाच्या खांबाला टेकून थॉमस नावाचा केरळी वेल्डर उभा होता, त्याला मराठी उपासना फारशी कळत नसे. त्यानं मला विचारलं, "क्या हुआ?" मी सांगितलं. त्यानं विडी विझवली. "चलो," म्हणाला.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काकड्यानं बांबूची ताटी बांधून ठेवली होती आणि कातळाजवळ खड्डा खणला होता, एकट्यानं, लंगड्या पायानं, म्हणून तो उथळ होता. वास सुटला होता. जमनी उंबऱ्यात बसली होती. आम्हाला बघून ती उठली, आमच्या मागं वाटेकडं बघत राहिली. आणखी माणसं येतायत का, ते बघत होती. मग खाली बसली.

"बाय," ती मार्थाबाईला म्हणाली, "गाणारी लोकं नाय आली?"

"नाय आली."

काकड्या, थॉमस आणि मी. ताटीची चौथी बाजू मोकळी. रूपजी आपल्या अंगणात बसला होता, आमच्याकडं पाठ करून, हातात दोर. पाड्यातल्या बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. थॉमस म्हणाला, "एक आदमी और चाहिए." काकड्या म्हणाला, "नाय हाय."

मार्थाबाईनं पदर कमरेला खोचला. पिशवीतलं शास्त्र काढून जमनीच्या हातात दिलं, रिकाम्या पिशवीची घडी करून डाव्या खांद्यावर ठेवली आणि ताटीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. आमच्याकडं बाईमाणूस खांदा देत नाही. ख्रिस्ती असो, वारली असो, कोळी असो. काकड्या म्हणाला, "बाय, तू नको." ती म्हणाली, "उचल."

ती ठेंगणी, थॉमस उंच. ताटी सगळी तिच्या कोपऱ्यात कलली, प्रेताचं वजन तिच्यावर उतरलं. तिचा श्वास मला मागून ऐकू येत होता. कातळापर्यंतची वाट चढाची आहे. मध्ये थॉमसनं तीनदा विचारलं, "रुकें?" आणि ती तिन्ही वेळा म्हणाली, "चला."

पुरल्यावर तिनं प्रार्थना केली ती एवढीच: "बाबा, ह्याचा एकबी नव्हता. ते मी सांगितलं होतं."

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. जमनी मुलांना घेऊन रूपजीच्या अंगणात गेली आणि परत पाड्यात मिळाली. नदीत उतरलेली बाकीची घरंही एकेक करून गेली. बोईसरची मंडळी वाढत राहिली. पुढं शाळा झाली, ती आजही चालते, चांगली चालते. अमोलिकांनी पुढच्या रविवारी एकमेकांची ओझी वाहण्यावर उपदेश केला. उपासनेनंतर ते मार्थाबाईशी बोलायला गेले, तर ती तिथं नव्हती. तिनं मिशनला चिठ्ठीसुद्धा न लिहिता बोईसर सोडलं होतं आणि ती करंजपाड्यावर आपल्या झोपडीत जाऊन राहिली होती. डावा हात तिला पुन्हा वर उचलता आला नाही. वेणी घालायला जमेना म्हणून तिनं केस कापून टाकले.

मी एकदा भेटायला गेलो तेव्हा तिनं मला मोजून सांगितलं. "माझा पहिला काकड्या. दुसरा तू. तिसरा तो मद्राशी, त्याला सांगून ठेव. चौथ्याचं चाललंय."

"चौथा कोण?"

"माझ्याशी भांडलेला पायजे ना एक? आता तेवढाच हाय."

ती ज्या पावसाळ्यात गेली त्या वेळी सूर्येला पूर होता. मला कळलं तेव्हा तिला पुरून आठवडा झाला होता. थॉमसचं काम संपून तो त्याच्या मुलखात गेला होता, आणि बारक्या वगैरे कारखान्याच्या मजुरीवर नदीपलीकडं होते. म्हणजे ठरलेल्यांतला एक काकड्या सोडला तर तिचं कुणी नव्हतं. मी काकड्याला विचारलं, कुणी नेलं?

"मी व्हतो," तो म्हणाला. "न् जमनी. तिची जाव. न् रूपजीची बायको."

"रूपजी?"

"बसला व्हता, पाठ करून."

मी तिला शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, उन्हाळ्यात. त्या दिवशी काकड्याकडून निघून मी परत बोईसरच्या वाटेला लागलो होतो. पाड्याच्या टोकाला रूपजीचं अंगण. अंगणात फणसाच्या सावलीत तो जमिनीवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. त्याच्या मागं, दोन हातांवर, मार्थाबाई बसली होती. कापलेले पांढरे केस, कधी वर न होणारा डावा हात मांडीवर ठेवलेला. काकड्या म्हणाला होता की ती रोज येते, ऊन चढेपर्यंत बसते आणि जाते. रूपजीनं तिला बस म्हटलं नव्हतं, आणि ऊठही म्हटलं नव्हतं. मी वाटेवरून सलाम घातला. तिचं लक्ष नव्हतं. तो पाठ करून दोर वळत होता आणि ती त्याच्या खांद्यांकडं बघत होती.